काचेतला विस्तव

आमच्या घरी संध्याकाळ फार लवकर संपायची. कारंज्यातल्या इतर घरांतून चुलीचा धूर निघायला लागे तेव्हा आमची भांडी घासून पालथी झालेली असत. जैनाचं घर. सूर्य बुडायच्या आत शेवटचा घास पोटात गेला पाहिजे, त्यानंतर पाण्याचा घोटदेखील नाही. हिवाळ्यात तर उन्हं कलली न कलली तोच आम्ही हात धुवून मोकळे. मग पुढे काय, तर काही नाही. ओसरीवर माणसं बसलेली आणि त्यांच्यावर अंधार हळूहळू उतरतो आहे. चेहरे आधी जायचे, मग पांढरी धोतरं, आणि शेवटी नुसते आवाज उरायचे. मला तो वेळ आवडायचा. त्या वेळी घरातली माणसं एकमेकांशी जरा मऊ बोलत, आणि आजोबांचा दरारासुद्धा दिसेनासा होई.

आमच्या गल्लीच्या टोकाला कापसाचं जिन होतं. दिवाळी झाली की मंगरूळ, मानोऱ्याकडून कापसाच्या गाड्या यायला लागत आणि जिनाचं इंजन सुरू होई. त्याचा ठोका आमच्या भिंतीतून यायचा. झोपेतही तो अंगात चालू असायचा, आणि वसंतात एक दिवस बंद पडला की घर चुकल्यासारखं वाटायचं. सरकीपासून सुटलेली रुई हवेत तरंगत गल्लीभर फिरे. माझ्या तरुणपणाची कुठलीही आठवण काढली तरी तिच्यावर ती रुई बसलेली असते. खरंच ती एवढी उडायची का, की मी आता म्हातारपणी उडवतो आहे, हे सांगता येत नाही.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. मी अमरावतीला कॉलेजात शास्त्र शिकत होतो आणि नाताळच्या सुट्टीत घरी आलो होतो. येऊन पाहतो तर बैठकीत तुळईला विजेचा दिवा टांगलेला. जिनाच्या मालकांनी स्वतःच्या कारखान्यासाठी डायनामो बसवला होता, आणि शेजारधर्म म्हणून गल्लीतल्या चार घरांना तार दिली होती. आजोबा धान्याचे व्यापारी. संध्याकाळी माणसं यायची, म्हणून त्यांनी ती घेतली. पण घेण्याआधी मंदिरात पुष्कळ वाद झाला होता म्हणे. आमच्यात अग्नीतही जीव मानतात. दिवा पेटवणं म्हणजे जीव पेटवणं, आणि वर ज्योतीवर येऊन जळणारे किडे वेगळेच. एक पक्ष म्हणे, तेल नाही, वात नाही, धूर नाही, मग विस्तव कुठला? दुसरा म्हणे, आभाळातल्या विजेनं झाड जळतं ते काय उगीच? पंडित दोन आणि मतं तीन, अशी अवस्था. शेवटी ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं असं ठरलं, म्हणजे काहीच ठरलं नाही.

त्या दिव्याखाली घरातली सगळी बसू लागली होती, एक काकू सोडून.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. काका गेले तेव्हा ती विशीच्या आत होती, मूलबाळ नव्हतं. ते गेल्यावर तिनं मुनिमहाराजांकडून नेम घेतला की सूर्यास्तानंतर विस्तवाच्या उजेडात बसणार नाही. दुसऱ्यानं लावलेल्या दिव्याच्याही नाही. त्या वयात तिला उजेडाचं काय करायचं होतं म्हणा. पण पुढे तिला वाचायचं वेड लागलं. माझी जुनी क्रमिक पुस्तकं तिनं एकेक करून संपवली, आणि मग मराठी सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसायचं तिच्या मनानं घेतलं. मुलींच्या शाळेला बाई हवी होती. आजोबा हसून म्हणाले होते, "पास झाली तं जा बापा शायेत. मी कायले अडवू?" त्यांना वाटलं असणार की हे काही व्हायचं नाही, म्हणून उदार होणं सोपं होतं. या उदारपणाचा मला आजही राग येतो.

कारण दिवस कुठे होता तिच्याजवळ? सगळं जेवण उजेडात म्हणजे सगळा सैपाकही उजेडात. दळणं, निवडणं उजेडात. धान्यातला किडा दिसला पाहिजे. पाणी गाळायचं ते उजेडात. पहाटे तांबडं फुटल्यापासून ऊन उतरेपर्यंत तिची पाठ चुलीकडे किंवा जात्याकडे वाकलेली, आणि ती मोकळी व्हायची नेमकी त्या घटकेला, जेव्हा अक्षर दिसेनासं व्हायचं. मी एकदा गमतीनं काकूचे वॅट काढले होते. विहिरीतून घागर वर ओढायला किती जोर, किती वेळ, त्यावरून काम करायचा वेग. अश्वशक्तीत मांडलं तर अर्ध्या घोड्याचाही आकडा आला नाही. "पन घोडा संध्याकायी चारा खातो आन उभा राह्यतो," ती म्हणाली. "मले तं भांडी असतेत." परीक्षा चैत्राच्या तोंडावर होती, आणि तिचं गणिताचं पुस्तक अर्धंही झालेलं नव्हतं.

मी आल्यावर दोन-तीन दिवसांतच तिनं मला माजघराच्या दाराशी गाठलं. बाहेर अंधारत होतं, बैठकीतला दिवा अजून लागायचा होता.

"बाबू, तू तं हेच शिकून राह्यला न तिकडे?"

"काय?"

"इजेचं. मंग एक सांग मले. त्या काचेत इस्तो हाय का नाही?"

विस्तवाला आमच्याकडे इस्तो म्हणतात. मी म्हटलं, "महाराजांले इचार न."

"त्याइनं तार कुठं पाह्यली. आन मंदिरातले एकमेकाइशी भांडून राह्यले. तू पाहून सांग. नसंन तं मी बसते तिथं पुस्तक घिऊन. असंन तं नाही. तू जे म्हनशीन ते."

ती एवढं बोलली आणि पाण्याची घागर उचलून आत गेली. मी तिथेच उभा राहिलो. वीस वर्षांच्या माणसाला कुणी असा कौल लावला की त्याची छाती फुगते, तशी माझीही फुगली. पण भीतीही वाटली. तिची सगळी परीक्षा, शाळा, पुढचा जन्म, त्या एका दिव्याला टांगलेला होता, आणि तो लागावा असं मला मनापासून वाटत होतं. उत्तर मला आधीच ठरवून टाकायचं होतं. गणित नुसतं मागाहून जोडायचं होतं.

कॉलेजातून मी अभ्यासासाठी एक लहानसं प्रवाहमापक यंत्र मागून आणलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक रिकामी होती. मी दिवा काढला, गादीवर ठेवला, आणि टॉर्चमधला सेल घेऊन त्याला तारा जोडल्या. दीड व्होल्टचा सेल. सुई हलली आणि साठ मिलिअँपिअरवर थांबली. व्होल्टला अँपिअरनं भागलं की तारेचा रोध निघतो, म्हणजे ती तार विजेला किती अडवते ते. भागाकार केला, पंचवीस ओहम. काचेवर हात ठेवला, गार. आतली तारही गारच असणार. तिच्यावर लालीचा मागमूस नव्हता. वीज तिच्यातून चालली होती, मी ती मोजत होतो, आणि कुठेही काही जळत नव्हतं.

त्या दुपारचं ऊन मला अजून आठवतं. खिडकीतून आत आलेला पट्टा, त्यात तरंगणारी रुई, गादीवर तो काचेचा गोळा. मला वाटलं, वीज म्हणजे फार बारीक पाणी आहे, आणि ही तार म्हणजे त्याची पन्हाळ. पाणी वाहतं, कुणाला भाजत नाही. झालं तर मग. काकूला आत्ताच्या आत्ता हाक मारावी असं वाटलं, पण आतून जात्याची घरघर येत होती, आणि मला पुढचंही गणित मांडून तिला थक्क करायचं होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

पुढचं गणित असं. जिनाचा डायनामो एकशे दहा व्होल्टचा होता, ते मला माहीत होतं. एकशे दहाला पंचवीसनं भागलं की चार अँपिअर आणि वर थोडं. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट, म्हणजे दिवा किती शक्ती खातो ते. उत्तर आलं चारशे चौऱ्याऐंशी. आणि दिव्याच्या बुडाशी छापलेलं होतं चाळीस. मी पुन्हा गुणलं, पुन्हा भागलं. चारशे चौऱ्याऐंशीच. मग मी ठरवलं की छापणाऱ्याची चूक आहे. वीस वर्षांचा माणूस आधी छापणाऱ्यालाच खोटं पाडतो. पण ते चाळीस काही मनातून जाईना. घास गिळल्यावर घशात शीत अडकावं तसं ते राहिलं.

म्हणून संध्याकाळी जेवण उरकून मी जिनात गेलो. इंजनघरात एक वयस्क मिस्त्री होते, आमच्याच गावातले, कागदीपुऱ्याकडचे मुसलमान. लहानपणी त्यांनी मला इंजनाची शिट्टी वाजवू दिली होती, त्या जुन्या ओळखीवर मी आत शिरलो. आत गेलं की बोलणं ऐकू येत नसे. पट्टा फिरतो आहे, जमीन थरथरते आहे, तेलाचा वास, आणि दाराबाहेर कापसाचे ढीग संध्याकाळच्या उजेडात निळसर दिसताहेत. इतका आवाज असूनही तिथे फार शांत वाटायचं. मोठ्या देवळात नगारा चालू असताना वाटतं तसं.

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं की एका दिव्याचा प्रवाह मोजायचा आहे. ते म्हणाले, "एका दिव्यानं माही सुई हालत नाही, बाबू. दहा लावतो. मंग तू दहानं वाटून घे."

भिंतीवर संगमरवरी फळा होता, त्यावर पितळी कड्यांची दोन घड्याळासारखी यंत्रं, एक व्होल्टचं, एक अँपिअरचं. मिस्त्रींनी सगळे दिवे बंद करून नेमके दहा लावले, आमच्या घरी होता तसलेच. व्होल्टची सुई एकशे दहावर उभी. अँपिअरची सुई हळूच उचलली आणि साडेतीनच्या किंचित पुढे थांबली. माझ्या हिशेबानं ती चव्वेचाळीसवर जायला हवी होती.

साडेतीनच्या पुढे म्हणजे तीन पूर्णांक सहा. एका दिव्याला दशांश छत्तीस. गुणिले एकशे दहा. चाळीसला थोडं कमी. छापणारा खरा होता. मग मी रोध काढला: एकशे दहा भागिले दशांश छत्तीस, तीनशे पाच. दुपारी जी तार पंचवीस होती, ती संध्याकाळी तीनशे पाच झाली होती. तसलीच तार, तीच जात, बनवणाराही तोच.

मला कळायला वेळ लागला नाही. पुस्तकात एक ओळ होती आणि ती मी परीक्षेपुरती पाठ केली होती. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. थोडा तापला तर थोडा वाढतो. बारापट वाढायचा तर तार पांढरीफेक तापावी लागते, लोहाराच्या भट्टीतलं लोखंड तिच्यापुढे थंड. चाळीसच्या चाळीस वॅट त्या केसाएवढ्या तारेत घुसत होते आणि तिला होरपळत होते. दुपारी मी मोजली ती विझलेली तार. पंचवीस आणि तीनशे पाच यांच्यामध्ये जे होतं, तोच विस्तव.

"चेहरा काहून उतरला?" मिस्त्रींनी विचारलं. "हिसाब चुकला का?"

"नाही. बराबर आला."

"मंग?"

मी मान हलवली. एवढ्या आवाजात काकूची गोष्ट सांगता आली नसती.

घरी जायला मी मुद्दाम लांबची वाट धरली. गाड्या सोडून ठेवल्या होत्या, बैल रवंथ करत होते, एक गाडीवान उसाच्या कांडीसारखं काहीतरी सोलत बसला होता. रुई माझ्या अंगावर बसत होती. मी काकूशी काय बोलायचं ते जुळवत होतो. काकू, दुपारी मी स्वतः मोजलं, तार गार होती, हे तर खरंच होतं ना? एवढंच सांगायचं, पुढचं गिळून टाकायचं. कुणाचं काय बिघडणार होतं? काच बंद, किडा आत जात नाही, हवासुद्धा नाही. ती दिव्याखाली बसेल, गणितं सोडवील, चैत्रात पास होईल. मला खोटं बोलायची इतकी इच्छा पुन्हा कधी झाली नाही. ते खोटं इतकं चांगलं होतं.

पण तिनं म्हटलं होतं, तू जे म्हणशील ते. हे वाक्य नसतं तर मी बोललो असतो. कुणी इतकं बिनशर्त हातात ठेवलं की हात आखडतो.

काकू माजघरात अंधारात बसली होती. बैठकीतल्या दिव्याचा उजेड दाराच्या उंबऱ्यापर्यंत येत होता आणि ती त्याच्या अलीकडे पाय आखडून होती. मी उंबऱ्यावर टेकलो आणि सगळं सांगितलं. पंचवीस सांगितले, तीनशे पाच सांगितले, तार का अडवायला लागते ते सांगितलं. मध्ये ती फक्त एकदा म्हणाली, "तीनशे पाचले पंचवीसनं भागलं तं बारा येते, आन पाच उरते." तिचा भागाकार एवढा सुधारला होता हे मला माहीत नव्हतं.

"तं इस्तो हाय," ती म्हणाली.

"हाय, काकू."

मग तिनं अंधारातून हात पुढे केला आणि माझं बोट धरून आपल्या तर्जनीच्या टोकाला लावलं. तिथली कातडी जाड आणि गुळगुळीत झाली होती.

"तुमी समदे मंदिरात गेल्ते तवा म्या लागलेल्या दिव्याले हात लावून पाह्यला," ती म्हणाली. "डोये मिटून. उजेड घ्याचा नव्हता म्हून. बोट पोयलं."

"मंग मले कायले इचारलं?"

"मले वाटलं, तुह्या गणितात तरी नसंन."

मला रडू आलं. अंधार होता म्हणून लपलं, बाकी काही नाही. मी स्वतःवर, दिव्यावर, नेमावर, मंदिरातल्या दोन्ही पक्षांवर आणि कॉलेजातल्या त्या एका ओळीवर चिडलो होतो, आणि काकू शांत होती. तिनं माझ्या डोक्यावरची रुई झटकली आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा मंदिरातून येऊन पाटावर बसले तेव्हा वाढायच्या आधी ती सैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर खाली. सासऱ्यांसमोर ती सहसा बोलत नसे, म्हणून माझी आई भाकरी थापता थापता थांबली.

"मामंजी, त्या काचेत इस्तो हाय. बाबूनं मोजून पाह्यलं."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"बरं मंग?"

"मंग रात्री मले वाचता येत नाही. दिवसा पाह्यजे. दोपारची जेवनं झाली का संध्याकायच्या चुलीपर्यंत. त्या येयात दयन नाही, निवडन नाही."

"मंग ते कोन करंन?"

"ते तुमी ठरवा. मले परीक्षा द्याची हाय."

असं वाक्य आमच्या घरात त्याआधी कुणी बोललं नव्हतं. आजोबा बोलणारे गृहस्थ होते, एकाला दोन ऐकवणारे. पण आता ऐकवणार काय? नेम मोडून दिव्याखाली बस, असं ते म्हणू शकत नव्हते. परीक्षा देऊ नकोस म्हणावं तर शब्द दिलेला होता. शेवटी माझ्या आईला उद्देशून म्हणाले, "संध्याकायी दोन भाज्या कायले लागते? एक पुरे." आणि थोड्या वेळानं, "दयाले एखादी बाई पाहा."

मग त्या हिवाळ्यात रोज दुपारी काकू गच्चीवर उन्हात बसलेली असे. आम्ही खालून तिचं पाढे म्हणणं ऐकायचो. आजोबांना एका भाजीची सवय व्हायला वेळ लागला, जेवताना ते तिसऱ्या घासाला ताटात काहीतरी शोधायचे. माझी सुट्टी संपली, मी अमरावतीला गेलो. चैत्रात परीक्षा झाली आणि ती पास झाली. गणितात तर फार चांगले गुण मिळाले. आषाढात ती मुलींच्या शाळेत जाऊ लागली.

पुढे पुष्कळ वर्षांनी, ती शाळेतून सुटून घरी येत होती आणि मी तिच्या बरोबर चालत होतो. तेव्हा मी तिला विचारलं, "काकू, त्या दिवशी मी खोटं बोललो असतो तं? इस्तो नाही म्हटलं असतं तं?"

तिला आठवायलाही लागलं नाही.

"तं म्या रात्री वाचलं असतं," ती म्हणाली, "आन दिवसा रांधलं असतं. जल्मभर."